सुभद्रा घाडी विमानानं दिल्लीला गेली त्याची गोष्ट

मी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले ती बासष्ट साली. आमच्या शेजारची खोली सुभद्रा घाडीची. चाळीत तिला सगळे काकी म्हणायचे, आणि नव्या माणसाला तिची ओळख करून देताना हमखास सांगायचे, "काकी विमानात बसल्यात हां, दिल्लीला जाऊन आल्यात!" काकी तिथं असली तर मान फिरवायची. मला वाटायचं, लाजते.

ती लाजत नव्हती. तिला त्या विमानाचं नावच नकोसं व्हायचं. का, हे कळायला मला तीन वर्षं लागली. तांदूळ निवडता निवडता, आंबोळ्यांचं पीठ ढवळता ढवळता, कधी एक वाक्य, कधी दोन, असं तिनं ते सांगितलं. थोडं मीनाक्षीताईंकडून कळलं. त्या कोण ते पुढं येईलच. मी आता सगळं ओळीनं सांगते.

सुभद्रा मालवणकडची. पंधराव्या वर्षी गुणाजी घाडीशी लग्न झालं, सतराव्या वर्षी बोटीनं मुंबईला आली. गुणाजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. माणूस वाईट नव्हता, हे काकी स्वतःच सांगायची. दारू नाही, हात उगारणं नाही. मूल मात्र झालं नाही. दोनदा दिवस राहिले आणि गेले. पन्नास साली गुणाजीचं शेवंतीशी जमलं. शेवंती त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, साताऱ्याकडची, वरळीच्या बीडीडी चाळीत भावाजवळ राहायची. एका रविवारी गुणाजीनं आपली ट्रंक उचलली आणि सुभद्रेला म्हणाला, "मी आता थंयच रवतलंय."

ती म्हणाली, "बरां."

भांडण नाही, रडारड नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या चाळीतल्या चार गड्यांना विचारलं, माझ्याकडे जेवाल का? चाराचे अकरा झाले. गिरणीची पाळी सुटली की एकेक जण यायचा, भिंतीशी बसून जेवायचा, ताट धुवून ठेवायचा आणि जायचा. असं तिचं चाललं. मंगळसूत्र तिनं काढलं नव्हतं, पण गुणाजीचा विषय कोणी काढला तर ती चुलीकडे तोंड करायची.

खोली मात्र गुणाजीच्या नावावर होती. भाड्याची पावती त्याच्या नावानं फाटायची.

पंचावन्न साल संपता संपता एक दिवस गुणाजी आला. आत आला नाही, उंबऱ्यावरच बसला. शेवंतीला मुलगी झाली होती, दोन वर्षांची होत आली होती. वरळीच्या खोलीत भावाची माणसं वाढली होती, पाय पसरायला जागा नव्हती.

"सुभद्रे, खोली सोड," तो म्हणाला. "तू गावाक जा. थंय माझ्या म्हाताऱ्या आवशीक बघूक कोण तरी होया."

"माझी खानावळ हा."

"खोली माझ्या नावावर हा."

तो उठला. जाताना म्हणाला, "संक्रांत झाली की घरमालकाच्या मेहत्याक घेऊन येतंय. तेवा तमाशो करू नको."

संक्रांत झाली, आणि दोन दिवसांनी मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीहून जाहीर झालं आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. त्या आठवड्याबद्दल मी काय सांगणार? ज्यांनी पाहिलं ते अजून बोलताना आवाज खाली आणतात. रस्त्यावर दगडांचा खच, मधे पोलिसांच्या गाड्या, मग संचारबंदी. सुभद्रेच्या खोलीत चूल पेटली नाही, कारण जेवायला कोणी येऊच शकत नव्हतं. तिनं दाराला आतून कडी घातली. बाहेरच्या दंगलीची तिला फारशी भीती नव्हती. भीती होती ती गुणाजीची. दार उघडं मिळालं तर तो आत येईल, मेहता, म्हणजे घरमालकाचा कारकून, सामान मोजेल, आणि मग आपल्याला बाहेर पडावंच लागेल. म्हणून ती कडीवर हात ठेवून दाराशी बसून राहायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी संचारबंदी थोडा वेळ उठली, मोर्चा निघाला आणि कोपऱ्यावर गोळ्या सुटल्या. थोड्या वेळानं दारावर थापा पडल्या. "काकी, दार उघडा! काकी!" तिनं उघडलं नाही. गुणाजीनं चार माणसं आणली असं तिला वाटलं. थापा वाढल्या, राधाचा रडका आवाज आला. राधा म्हणजे पलीकडच्या खोलीतली तिची मैत्रीण. तेव्हा कुठं तिनं कडी काढली.

"सुभद्रे," राधा म्हणाली, "तुझो घोव गेलो गो. आपल्या कोपऱ्यार. तुझ्याकडेच येय होतो."

चाळीतल्या बायकांनी तिला धरलं, तिचं कुंकू पुसलं, मंगळसूत्र तोडलं. सहा वर्षं तो इथं राहत नव्हता हे त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, पण एकीनंही ते तोंडातून काढलं नाही. उलट, मरणाआधी बायकोकडे परत येत होता बिचारा, असं ठरलं. खोलीची गोष्ट फक्त सुभद्रेला माहीत होती. घरमालकाचा मेहता त्या गडबडीत त्याच्या बरोबर निघालाच नव्हता, आणि नंतर त्यानं तोंड दाखवलं नाही. हुतात्म्याच्या बायकोला खोलीतून कोण काढणार!

हो, आठवड्याभरात गुणाजी हुतात्मा झाला होता. चाळीबाहेर तो मोर्चातच होता असं पसरलं. वर्तमानपत्रात सुभद्रेचा फोटो आला, खाली 'वीरपत्नी' असं छापलेलं. फोटोत ती अगदी कोरड्या डोळ्यांनी समोर बघते आहे. लोक म्हणाले, काय धीराची बाई!

गोळीबाराची चौकशी व्हावी म्हणून गिरगाव-लालबागच्या काही मंडळींनी एक मंडळ काढलं. त्याचे प्रमुख म्हणजे अण्णा, गिरगावातले वकील, पन्नाशीचे, खादीचा कोट, बोलणं मोजून मापून. त्यांच्याबरोबर मीनाक्षी विजयकर, गिरगावातल्याच एका मुलींच्या शाळेत शिक्षिका. या दोघांनी दिल्लीतल्या एका मोठ्या साहेबांची भेट मागितली होती. मार्च महिन्यात एका बुधवारी संध्याकाळी तार आली, की भेट उद्या दुपारी चार वाजता. गाडीनं पोचणं शक्यच नव्हतं. दादरच्या एका औषधवाल्यानं धावपळ करून विमानाची तीन तिकिटं मिळवली. अण्णा, मीनाक्षीताई, आणि सुभद्रा.

ते सांगायला अण्णा स्वतः चाळीत आले. सगळी चाळ गॅलरीत जमली.

"सुभद्राबाई, उद्या पहाटे तयार राहा. तुम्हाला दिल्लीला यायचं आहे. विमानानं."

सुभद्रा पोळपाटावर हात तसाच ठेवून बसली. "मी कशाला? मला काय बोलता येतंय?"

"तुम्हाला बोलायचं काही नाही. तुम्ही समोर उभं राहिलात की पुरे. साहेबांनी तुम्हाला बघायला हवं."

ती नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण गॅलरीतून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि तिचं तोंड मिटलं. अण्णा गेल्यावर ती राधाला एवढंच म्हणाली, "माका कित्याक न्हेतत गो?"

"तुझो घोव हुतात्मा झालो मां, म्हणान," राधा म्हणाली, आणि आपलं बरं लुगडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

सकाळी टॅक्सीनं सांताक्रूझचा एरोड्रम. चार पंख्यांचं विमान होतं. सुभद्रेला खिडकीजवळ बसवलं, कारण पहिल्यांदा बसणाऱ्याला खिडकी द्यायची असते असं मीनाक्षीताईंना वाटलं. तिच्या शेजारी त्या, आणि मधली वाट सोडून पलीकडे अण्णा. हवाई सुंदरी आली, वाकून सुभद्रेच्या पोटावर पट्टा आवळला आणि खटकन अडकवला. मग ट्रे घेऊन परत आली. ट्रेमध्ये कापसाचे बोळे आणि लिमलेटच्या गोळ्या होत्या.

"कानात कापूस घाला," मीनाक्षीताई म्हणाल्या, "आणि गोळी चोखा, म्हणजे कानात..." 'गोळी' हा शब्द आपल्याच तोंडून ऐकून त्या मधेच थांबल्या. सुभद्रेनं गोळी घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

विमान धावायला लागलं तेव्हा तिनं डोळे मिटले. पाठ खुर्चीला चिकटली, पोट मागं राहिलं असं वाटलं. डोळे उघडले तर खिडकीत मुंबई तिरकी झाली होती, आणि मग खाली काहीच नव्हतं, नुसता पांढरा धूर. तिनं खुर्चीचे हात धरले ते सोडलेच नाहीत. बोटीत असं नव्हतं, ती मला म्हणाली होती. बोटीत उलट्या व्हायच्या, पण माणूस उठून डेकवर जायचा, कठड्याला धरून उभा राहायचा, रत्नागिरीला उतरायचंच म्हटलं तर उतरायचा.

"ताई, हे मधे कुठं थांबतं काय?"

"नाही हो, थेट दिल्ली. चार तास."

"आणि कोणाला उतरायचं झालं तर?"

मीनाक्षीताई हसल्या. "वर आल्यावर कोण उतरतं?"

मग त्यांनी पर्समधून एक कागद काढला. त्यावर पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या. सुभद्रेला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या तिला पाठ करून घेणार होत्या. साहेबांनी काही विचारलंच तर हे बोलायचं, अण्णा त्याचं इंग्रजी करतील.

"म्हणा माझ्याबरोबर. 'माझे पती मोर्चात सर्वांत पुढे होते.'"

सुभद्रेनं कागदाकडे बघितलं.

"म्हणा ना. घाबरू नका. 'माझे पती मोर्चात सर्वांत पुढे होते. त्यांनी छातीवर गोळी झेलली.'"

"ताई, तो पुढं नव्हता."

"कोण?"

"तोच. मोर्चातच नव्हता तो."

मीनाक्षीताईंना आधी त्या 'तो'चं आश्चर्य वाटलं. आमच्या बायका नवऱ्याला अहो-जाहो करतात, आणि मेलेल्या नवऱ्याला तर करतातच करतात. त्यांनी कागदाची घडी घातली. "मग कुठं होते?"

"रस्त्यानं चालत येत होता. माझ्या घरी." सुभद्रेनं खिडकीकडे तोंड केलं. इंजिनांच्या आवाजात तिचं बोलणं मीनाक्षीताईंना अर्धंच ऐकू येत होतं, म्हणून त्या तिच्या खांद्याजवळ वाकल्या. "ताई, सहा वर्षं तो माझ्याकडे राहत नव्हता. वरळीला त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं. मुलगी आहे लहान. त्या दिवशी तो मला खोलीतून काढायला येत होता. मी आतून कडी लावून बसले होते."

मीनाक्षीताईंनी पलीकडे बघितलं. अण्णा मांडीवर फायली ठेवून काहीतरी खुणा करत होते.

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"तो राहत नव्हता ते चाळीला ठाऊक आहे. खोलीचं नाही."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"चाळीचं नाव झालं ना, ताई."

"आणि तुम्ही?"

"मला कोणी विचारलंच नाही. फोटो काढला, हार घातला, अंगठा घेतला. मी म्हणत होते, कोणीतरी विचारील."

मीनाक्षीताईंनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, "त्या क्षणी मी सुभद्रेचा विचार केला नाही गं. मी चार वाजताच्या भेटीचा विचार केला." तेव्हा त्या तिला हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुभद्राबाई, हे आत्ता अण्णांना सांगू नका. गोळीबार झाला हे खोटं आहे का?"

"नाही."

"माणसं मेली हे खोटं आहे का? तुम्ही त्यांची लग्नाची बायको आहात हे?"

"नाही."

"मग तेवढं धरून राहा."

"आणि तो पुढं होता, ते?"

मीनाक्षीताईंनी कागद पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली.

मग विमान हवेत आपटायला लागलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं कागदी पिशवी तोंडाशी धरली. सुभद्रेला उलटी आली नाही, पण सकाळपासून एरोड्रमवर दोन कप चहा झाला होता, आणि तिला केव्हापासून जायचं होतं. विमानात त्याची सोय असते हेच तिला माहीत नव्हतं. पट्टा कसा काढायचा तेही माहीत नव्हतं. तिनं पदराखालून तो दोनदा चाचपून पाहिला, ओढून पाहिला. तो जास्तच आवळला. उठायचं तर मीनाक्षीताईंना ओलांडावं लागणार, अण्णांच्या समोरून जावं लागणार, आणि मागं बसलेली ती सगळी सुटाबुटातली माणसं बघणार. ती तशीच दात आवळून बसली. किती वेळ, तिला सांगता येत नव्हतं. शेवटी मीनाक्षीताईंच्याच लक्षात आलं.

"बरं वाटत नाही का?"

"ताई, मला जायचं आहे."

"अहो, मग बोलायचं नाही का!" त्यांनी पट्टा सोडवला, हवाई सुंदरीला हाक मारली. तिनं सुभद्रेला दंडाला धरून मागं नेलं आणि एका अरुंद दारातून आत सोडलं.

दार लागलं तशी सुभद्रा एकटी झाली. जानेवारीपासून ती एकटी अशी नव्हतीच. सतत कोणीतरी बाजूला बसलेलं, धीर देत. त्या कपाटाएवढ्या जागेत भिंतीला आरसा होता. आरशात एक कुंकू नसलेली बाई होती, परक्या लुगड्यातली. सुभद्रेनं तोंडावर पाणी मारलं. आणि तिला रडू आलं. गुणाजीसाठी पहिल्यांदाच, ती म्हणाली. तो मेला तेव्हा आपल्याला आधी काय वाटलं, हे तिला आठवलं होतं. खोली राहिली. राधा दारात रडत उभी होती आणि आपल्या मनात पहिला विचार आला तो हा.

नंतर तिला दार उघडता येईना. कडीसारखं काही नव्हतंच, एक चकतीसारखं फिरवायचं होतं, आणि ती ते ढकलत होती, ओढत होती. विमान हलत होतं, तिचा खांदा भिंतीवर आपटत होता. तिनं थापा मारल्या. आवाजात कोणाला ऐकू जाईना. "कोणी आहे काय? दार उघडा!" एका क्षणी तिला वाटलं, असं इथंच राहिलं तर काय वाईट? दिल्लीला बाकीचे उतरतील, आपण इथंच. पण मग बाहेरून काहीतरी फिरलं आणि दार उघडलं. हवाई सुंदरी हसून काहीतरी इंग्रजी बोलली. सुभद्रा परत आपल्या जागेवर गेली, आणि पुन्हा पट्टा बसला.

दिल्लीला उतरल्यावर कोणाच्या तरी घरी जेवण झालं. बरोबर चारला ते साहेबांच्या खोलीत होते. खोली मोठी, पंखा मंद फिरणारा, टेबलामागं जाड चष्म्याचे साहेब. अण्णांनी अर्ज पुढं केला आणि उभ्यानंच बोलायला लागले. साहेबांनी ऐकता ऐकता दोनदा घड्याळ बघितलं. मग त्यांची नजर सुभद्रेवर गेली आणि त्यांनी हिंदीत विचारलं,

"आप उनकी पत्नी हैं?"

"हां."

"आपके पति जुलूस में थे?"

अण्णांनी मीनाक्षीताईंकडे बघितलं, मीनाक्षीताईंनी सुभद्रेकडे. सुभद्रेला ती पाठ करायची ओळ आठवत होती. ती म्हणाली, "नहीं साब. वो जुलूस में नहीं था. रस्ते से आता था. मेरे घर को आता था."

अण्णांचा चेहरा उतरला. पण साहेबांनी पहिल्यांदाच पेन उचललं. "मतलब, उनके हाथ में कुछ नहीं था?"

"कुछ नहीं."

साहेबांनी लिहून घेतलं. सुभद्रेला वाटलं, हा माणूस विचारतो आहे. दोन महिन्यांत विचारणारा पहिला माणूस. ती घाईघाईनं पुढं सरकली. "साब, और एक औरत है. शेवंती नाम है. उसका छोटा बच्चा है. उसका नाम भी लिखो."

"वो कौन है?"

सुभद्रेला हिंदीत शब्द सुचेना. मराठीतही कुठला होता! तेवढ्यात अण्णा इंग्रजीत म्हणाले की नात्यातली आहे, गावाकडची. साहेबांनी मान डोलावली आणि पेन खाली ठेवलं. सात-आठ मिनिटांत ते बाहेर होते.

बाहेर आल्यावर अण्णांनी सुभद्रेसमोर हात जोडले. "कमाल केलीत, बाई. निःशस्त्र माणूस आपल्या घरी, आपल्या बायकोकडे परत येत होता आणि त्याला गोळी घातली! मी तीन पानं लिहिली, पण हे मला सुचलं नाही. आता सगळीकडे हेच सांगायचं."

आणि सगळीकडे तेच सांगितलं गेलं. परतीला ते तिघं गाडीनं आले. दादर स्टेशनवर पन्नास-साठ माणसं हार घेऊन उभी होती. ती खरं बोलली होती, एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्या खऱ्यानंच ती आणखी घट्ट बांधली गेली. चौकशी काही झाली नाही. ती कधीच झाली नाही.

आठ दिवसांनी सुभद्रा वरळीला गेली. बीडीडी चाळ तिनं आधी पाहिली नव्हती, विचारत विचारत गेली. शेवंती नळावरून पाणी घेऊन येत होती. तिच्या कपाळालाही कुंकू नव्हतं. कोणी पुसायला आलं नव्हतं, तिनंच पुसलं होतं. तिनं सुभद्रेला ओळखलं. वर्तमानपत्रातला फोटो सगळ्यांनीच पाहिला होता.

"काय पाह्यजे?"

"मी तुझं नाव सांगितलं होतं तिथं," सुभद्रा म्हणाली. "त्यांनी लिहून घेतलं नाही."

शेवंतीनं हंडा खाली ठेवला. "माजा माणूस मेला," ती म्हणाली, "आन् इमानात तू बसलीस."

सुभद्रा परत आली. पण त्याच आठवड्यात ती गिरगावात मीनाक्षीताईंच्या शाळेत गेली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मला तेवढं धरून राहा म्हणालात. मी राहिले. आता तुम्ही माझं एक काम करा." शेवंतीला भावानं घराबाहेर काढायचं ठरवलं होतं, आणि गिरणीत तिची बदली कामगाराची नोकरीही सुटली होती. मीनाक्षीताईंनी तिला शाळेत कामाची बाई म्हणून लावलं, पाणी भरणं, घंटा देणं, वर्ग झाडणं. जिन्याखालची एक खोली राहायला मिळाली. हे सुभद्रेनं केलं, असं शेवंतीला सांगायचं नाही अशी अट सुभद्रेनंच घातली होती.

इकडं सुभद्रेचं प्रत्येक जानेवारीत ठरलेलं झालं. सभेच्या दिवशी मंडळाची माणसं न्यायला यायची. व्यासपीठावर पुढच्या रांगेत तिची खुर्ची. नारळ, लुगडं, टाळ्या. अण्णा भाषणात गुणाजीच्या घरी परतण्याची गोष्ट सांगायचे, आणि ती गोष्ट दर वर्षी थोडी वाढायची. एका वर्षी त्याच्या हातात बायकोसाठी तिळगूळ आला. एकदा ताप आहे म्हणून ती येत नाही म्हणाली, तर माणसं तिला खुर्चीसकट उचलून न्यायला तयार झाली. साठ साली मे महिन्याच्या एक तारखेला महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा तर तीन ठिकाणी बसवलं. लोक पाया पडायचे. "काकी, तुमच्यामुळं झालं हो." ती काय सांगणार? तिलाही राज्य हवंच होतं. त्या दिवशी चाळीत दिवे लागले तेव्हा तिनंही दारात पणत्या लावल्या.

त्याच वर्षी जूनमध्ये सकाळी दारावर शेवंती उभी. बरोबर तिची मुलगी, बकुळा, सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या घातलेली. शेवंती खाली बघत बोलली. मुलीचं नाव त्याच शाळेत घालायचं होतं. बापाचं नाव तिनं गुणाजी घाडी सांगितलं, तर कारकून हसला. हुतात्मा घाडींना मूल नव्हतं, त्यांची पत्नी आत्ताच महिन्यापूर्वी व्यासपीठावर होती, मी स्वतः बघितली, असं म्हणाला. मीनाक्षीताई रजेवर होत्या. कारकून म्हणत होता, त्यांच्या बायकोनं येऊन सांगितलं तरच लिहीन.

"न्हाईतर बापाचं नाव कोरं ठेवतो म्हनला," शेवंती म्हणाली. "माजं काय बी असू दे. पन हिचं कोरं ऱ्हाऊ दे नगं."

सुभद्रेच्या चुलीवर भात होता. तिनं राधाला हाक मारून तो बघायला सांगितला, चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाली. शाळेत प्रवेशाची गर्दी होती, पंधरा-वीस आईबाप रांगेत. कारकून तिला बघून उठूनच उभा राहिला.

"बसा, काकी, बसा. तुम्ही कशाला त्रास..."

"मी बसत नाही. लिहून घ्या," सुभद्रा म्हणाली. "बकुळा गुणाजी घाडी. ही त्याची मुलगी. ही तिची आई. सहा वर्षं तो हिच्याजवळ राहत होता, माझ्याजवळ नाही. आणखी काय विचारायचं असेल तर विचारा."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कारकुनानं लिहिलं. सुभद्रेनं अंगठा दिला.

गिरगावातून लालबागला बातमी पोचायला दोन दिवस लागले. चाळीतली काही माणसं बोलेनाशी झाली. जेवायला येणाऱ्यांतले तिघं दुसरीकडे जायला लागले. अण्णा आले, उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "बाई, हे आधी सांगायचं होतंत." ती म्हणाली, "विमानात सांगितलं होतं, अण्णा. पण तुमच्या बाजूच्या खुर्चीला." अण्णांना ते कळलं नाही. ते गेले ते परत आले नाहीत.

पुढच्या जानेवारीत तिला न्यायला कोणी आलं नाही. मंडळानं त्या वर्षी कमलाबाईंना बोलावलं होतं. कमलाबाई म्हणजे पलीकडच्या चाळीतली म्हातारी, तिचा मुलगा त्या दंगलीच्याच आठवड्यात गोळीनं गेला होता. साधी, कोणाशी न बोलणारी. सुभद्रेला ते कळलं तेव्हा ती सभेच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्याकडे गेली. कमलाबाई भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात नवीन लुगड्याची घडी.

"उद्या न्हेतले तुका," सुभद्रा म्हणाली.

"हो गो. मला तर काय सुधरत नाय. काय करायचं असतं तिथं?"

"काय नाय करायचा. बसान रवायचा." सुभद्रा तिच्याजवळ खाली बसली. "खुर्ची लोखंडाची असता, आणि उन्हात ठेवतत. तापता. खाली काय तरी जाड घाल. आणि भाषणात तुझ्या झिलाचा काय काय सांगतले. ता आयकू नको. समोर झाडां आसत, ती बघ."

"बरं," कमलाबाई म्हणाली.